टाइम ट्रॅव्हल मालिका: भूतकाळ बदलला की आठवण कोणाकडे उरते? (स्पॉयलर आहेत, जपून वाचा)

सांजवेळ

काल रात्री 'सिग्नल' तिसऱ्यांदा संपवली आणि झोपच लागेना म्हणून धागा काढतेय. २०१६ ची कोरियन मालिका, १६ भाग. ज्यांनी पाहिली नाहीये त्यांनी इथूनच मागे फिरा कारण मी शेवटासकट सगळं बोलणार आहे, आणि पुढे प्रतिसादांत बाकीच्या मालिकांचे शेवटही येणारच.

गोष्ट थोडक्यात अशी. पार्क हे-यंग नावाचा पोलिसांतला प्रोफायलर (गुन्ह्यावरून गुन्हेगाराचा स्वभाव ताडणारा), २०१५ साल, त्याला टाकून द्यायच्या सामानात एक जुना वॉकीटॉकी सापडतो. आत बॅटरीच नाहीये. तरी रात्री बरोबर ११ वाजून २३ मिनिटांनी तो सुरू होतो आणि पलीकडून ली जे-हान नावाचा डिटेक्टिव्ह बोलायला लागतो, पहिल्यांदा २००० सालातून, नंतर १९८९ मधून. मग हे-यंग इकडून एखादी माहिती सांगतो, तिकडे कोणाचा तरी जीव वाचतो, आणि इकडच्या केसच्या नोंदी बदलतात. आजूबाजूच्या कोणालाच जुनं काही आठवत नाही. त्यांच्यासाठी ते आधीपासून तसंच होतं. फक्त हे-यंगला दोन्ही आठवतं.

पहिल्या वेळी मी केसेससाठी बघितली, कोण खुनी, कसा पकडणार वगैरे. दुसऱ्यांदा बघितली ती चा सू-ह्यनसाठी, जी पंधरा वर्षं बेपत्ता जे-हानचा शोध घेत राहते, बेवारस सांगाडा सापडला की दर वेळी जाऊन बघते तो नाही ना. पण या वेळी माझं सगळं लक्ष हे-यंगच्या चेहऱ्यावर होतं. ऑफिसमध्ये सगळे नेहमीसारखे बोलतायत आणि हा एकटा गप्प बसलाय कारण त्याला माहितीय की काल या टेबलावर वेगळी फाइल होती. ज्या माणसाला मेलेलं बघितलं त्याच्याशी आज नॉर्मल बोलायचं. ही शिक्षा आहे हो! भूतकाळ बदलल्याची किंमत म्हणून कोणीतरी मरतं वगैरे तर असतंच, पण खरी किंमत ही, की जे घडलं होतं त्याचा साक्षीदार तू एकटाच.

तर माझी थिअरी अशी आहे की टाइम ट्रॅव्हलच्या मालिकेत मशीन कसं चालतं, नियम काय, पॅराडॉक्स सुटला का, हे सगळं दुय्यम. मालिका कशी वाटणार हे एकाच गोष्टीवर ठरतं: शेवटी आठवण कितीजणांकडे उरते. एकाकडे, दोघांकडे, की कोणाकडेच नाही. तुम्ही बघितलेल्या मालिका यात बसतात का सांगा, नसतील बसत तर भांडा माझ्याशी.

मितभाषी

'नाइन' बसते. कोरियन, २०१३, २० भाग. नऊ अगरबत्त्या, एक पेटवली की बरोबर वीस वर्षं मागे, जळून संपेपर्यंतचा अर्धा तास. हिरो भावाचं भलं करायला जातो, परत येतो तर जिच्यावर प्रेम ती आता त्याची पुतणी. तिच्यासाठी तो काका. त्याला मात्र कालची संध्याकाळ आठवतेय. मी तो भाग बघून टीव्ही बंद करून बसलो होतो नुसता.

गणिती_मन

भांडायला बोलावलंय म्हणून आलो :)

सांजवेळताई, तुमचा मुद्दा भावनिक दृष्ट्या पटतो, पण नियम दुय्यम हे अजिबात मान्य नाही. नियम पक्के नसतील तर आठवणीला तरी काय अर्थ राहतो? उद्या लेखकाला वाटलं म्हणून आठवलं, परवा वाटलं म्हणून विसरला. 'सिग्नल'मध्ये तेच खटकतं मला, शेवटी शेवटी कोणाला काय आठवतं हे लेखिकेच्या सोयीने चालतं.

माझ्या मते या प्रकारातली सगळ्यात घट्ट विणलेली मालिका 'डार्क'. जर्मन, तीन सीझन, २६ भाग, २०१७ ते २०२०. तिच्यात भूतकाळ बदलतच नाही (शेवटचा भाग सोडा). जे घडायचं ते घडलेलंच आहे आणि तुम्ही ते थांबवायला जे करता त्यानेच ते घडतं. ३३ वर्षांचं चक्र, १९५३, १९८६, २०१९. हा ३३ आकडा उगाच काढलेला नाहीये, चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर ३६५, म्हणजे दर वर्षी ११ दिवस मागे पडतात, ३३ वर्षांत ३६३ दिवस, जवळजवळ पूर्ण एक वर्ष, आणि दोन्ही कालगणना परत एका रेषेत येतात. हे मालिकेत बोलूनही दाखवलंय. आणि शार्लोट आणि एलिझाबेथ! एलिझाबेथ शार्लोटची मुलगी आणि शार्लोट एलिझाबेथची मुलगी. या साखळीला सुरुवातच नाही. याला बूटस्ट्रॅप पॅराडॉक्स म्हणतात, ज्या गोष्टीचा उगमच नाही अशी गोष्ट. हे सगळं तीन सीझन सांभाळणं म्हणजे काय काम असेल विचार करा. मी अक्षरशः वहीत वंशावळ काढून बघितली होती, चार पानं जोडून, तरी दुसऱ्या सीझनच्या मध्यावर खोडरबर संपायची वेळ आली.

आणि एक. तिसरा सीझन रिलीज झाला २७ जून २०२० ला. मालिकेत जगबुडी होते ती तारीख तीच. इतकी काळजी घेणाऱ्या लोकांना मी नियम दुय्यम कसं म्हणू देईन?

तर तुमच्या थिअरीत 'डार्क' कुठे बसते? इथे आठवणीचा प्रश्नच नाही, कारण काही बदलतच नाही.

सांजवेळ

शेवटचा भाग सोडा असं म्हणून कसं चालेल गणिती, माझी सगळी केस त्या शेवटच्या भागावर आहे!

आठवा ते जेवणाचं टेबल. योनास आणि मार्था मूळ जगात जातात, घड्याळजी टानहाउसच्या मुलाचा अपघात टाळतात, म्हणजे त्याला ते काळाचं यंत्र बांधायचं कारणच उरत नाही, म्हणजे त्या यंत्रामुळे तयार झालेली दोन्ही जगं विरून जातात आणि त्यांच्यासोबत हे दोघंही. उरतं ते जग जिथे हे दोघं कधी नव्हतेच. आणि तिथे हाना, आधीच्या जगातली योनासची आई, पोटुशी, मित्रमंडळींसोबत बसलीये, दिवे जातात, आणि तिला वाटतं हे आपण आधी पाहिलंय, सगळं संपलेलं, नुसता अंधार. आणि तिथे योनास घालायचा तसला पिवळा रेनकोट. मग बाळाचं नाव काय ठेवणार विचारल्यावर ती म्हणते योनास हे छान नाव आहे.

सांगा आता, त्या टेबलावर कोणाला काही आठवतंय? कोणालाच नाही. २६ भाग जे काय झालं, एवढी माणसं मेली, एकमेकांना शोधत राहिली, त्याचा साक्षीदार त्या जगात एकही नाही. आठवण उरते ती फक्त आपल्याकडे, बघणाऱ्यांकडे. म्हणून तो सीन इतका लागतो. लेखकांना हे माहिती होतं म्हणूनच रेनकोट ठेवलाय तिथे, तो हानासाठी नाहीये, आपल्यासाठी आहे.

पानगळ

माझा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं, नाहीतर मी वाचूनच जाते.

एकाच आठवणाऱ्याची सगळ्यात वाईट अवस्था बघायची असेल तर 'मून लव्हर्स: स्कार्लेट हार्ट र्‍यो' बघा. मूळ चिनी मालिका 'बू बू जिंग शिन', २०११, त्यात आजची मुलगी छिंग राजघराण्यात, कांगशी सम्राटाच्या राजपुत्रांमध्ये जाऊन पडते. कोरियन आवृत्ती २०१६ ची, त्यात सूर्यग्रहणाच्या वेळी हा-जिन पाण्यात बुडते आणि गोर्यो काळात, म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या कोरियात, हे सू म्हणून जागी होते. तिथे चौथा राजपुत्र वांग सो, चेहऱ्यावर व्रण म्हणून मुखवटा लावणारा, ज्याला आईसुद्धा जवळ घेत नाही.

आता मुद्दा असा की तिला इतिहास माहितीय, पण अर्धवट. एवढंच माहितीय की ग्वांगजोंग नावाचा राजा होणारे आणि तो भावांचं रक्त सांडणारे. ज्याच्यावर प्रेम बसलं तोच तो, हे कळल्यावर तिचा चेहरा बघा. मग ती त्याच्याकडे बघताना दर वेळी दोन माणसं बघते, समोरचा आणि पुस्तकातला. तिला पुढचं आठवतं म्हणून ती आत्ताचं नीट जगूच शकत नाही. आणि ज्या भीतीने ती वागते त्यातूनच बऱ्याच गोष्टी त्या दिशेला जातात. गणितींना आवडेल हे.

खरा ग्वांगजोंग, ज्याने ९४९ ते ९७५ राज्य केलं, त्याने ९५६ मध्ये अन्यायाने गुलाम केलेल्या लोकांना मोकळं करायचा कायदा आणला, ९५८ मध्ये सरकारी नोकरीसाठी परीक्षा सुरू केली, आणि सरदार-नातेवाईकांना मारलंही भरपूर. मालिका बघून झाल्यावर मी हे वाचत बसले. तिला फक्त रक्त आठवत होतं. कायदे आठवले असते तर? ही माझी थिअरी आहे, की हे सूच्या शाळेत इतिहास थोडा नीट शिकवला असता तर ती त्याला घाबरली नसती, आणि ते दोघं वेगळे झाले नसते. मी हे अगदी मनापासून म्हणतेय.

शेवट आठवतोय ना. ती आजच्या काळात जागी होते, काही आठवत नाही, नुसतं स्वप्नात येतं आणि रडते. मग एका प्रदर्शनात गोर्योची चित्रं, एका चित्रात राजा एकटाच उभा, आणि तिथे तिला सगळं आठवतं. तिथेच रडायला लागते, त्याला एकटं सोडून आले म्हणते. हजार वर्षं झालीयेत हो त्याला जाऊन! माफी मागायला समोर चित्र फक्त.

उलटी_घडी

पानगळ, त्या ज्योतिषी जी-मोंगबद्दलची थिअरी माहितीय का? पहिल्या भागात तलावाकाठी जो दारू पिणारा बेघर माणूस हा-जिनशी बोलतो तो आणि राजवाड्यातला ज्योतिषी चे जी-मोंग, दोन्ही एकाच नटाने केलेत. आणि शेवटी प्रदर्शनात तिचा रुमाल उचलून देणारा पण तोच. मालिका कुठेच स्पष्ट सांगत नाही. पण माझ्या मते तोच खरा येणारा-जाणारा आहे, त्याला सगळं आठवत असतं आणि तो कोणालाच काही सांगत नाही. तुमच्या मोजणीत हे सू एकटी नव्हतीच मग. दुसरा माणूस शेजारीच होता, फक्त तिला माहिती नव्हतं.

पानगळ

हो!! आणि म्हणूनच मला त्याचा रागही येतो. एक शब्द बोलला असता तर तिला आधार झाला असता.

मितभाषी

चीनमध्ये याच २०११ साली प्रसारण नियामकांनी टाइम ट्रॅव्हल मालिकांवर जाहीर नाराजी दाखवली होती, इतिहासाचा अनादर होतो म्हणून. त्यानंतर सहा महिन्यांत 'बू बू जिंग शिन' टीव्हीवर आली आणि लोकांनी डोक्यावर घेतली.

निळा_डबा

वयाने मी इथे बहुधा सगळ्यात मोठा, आणि नावावरून कळलंच असेल कुठल्या मालिकेचा.

'डॉक्टर हू', निळ्या डब्यातून काळात फिरणाऱ्या डॉक्टर नावाच्या परग्रहवासीची ब्रिटिश मालिका, २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. इतक्या वर्षांत नियम इतक्यांदा बदललेत की गणितींना त्रास होईल, पण सांजवेळताईंच्या आठवणीच्या मुद्द्यावर या मालिकेने जे केलंय तसं दुसऱ्या कोणी केलेलं मी पाहिलं नाही.

डोना नोबल, डॉक्टरची प्रवासातली सोबतीण. २००८ च्या सीझनचा शेवट. डॉक्टरचं सगळं ज्ञान तिच्या डोक्यात उतरतं, माणसाच्या मेंदूला ते झेपणार नाही, म्हणून डॉक्टर तिच्या मनातून स्वतःला पुसून टाकतो. तिने जग वाचवलं, तारे वाचवले, आणि ती परत घरी फोनवर गप्पा मारत बसलीये, बाहेर उभा असलेला माणूस कोण हे तिला माहिती नाही. आणि तिचे आजोबा विल्फ, ते डॉक्टरला दारापर्यंत सोडायला येतात पावसात, आणि म्हणतात की रोज रात्री तारे दिसले की तिच्या वतीने मी वर बघेन. म्हणजे आठवण तिच्याकडून काढून घेतली पण ती वाया जाऊ दिली नाही, घरातल्या म्हाताऱ्याने आपल्याकडे ठेवून घेतली. मी त्या वेळी नुकताच आजोबा झालो होतो. त्या दृश्याला मी आजही सहज बघू शकत नाही.

आता ऐका पुढचं, यात ताईंच्या मोजणीला पुरावा आहे. २०२३ मध्ये डोना परत आली. तिला आठवलं तर ती मरणार हे ठरलेलं. आठवतंही. पण मरत नाही, कारण दरम्यान तिला मुलगी झालीये, आणि ते सगळं ओझं दोघींमध्ये वाटलं गेलंय. एकीला मारून टाकणारी आठवण दोघींत विभागली की जगता येतं. पंधरा वर्षांनी दिलेलं उत्तर! ज्यांनी विल्फची भूमिका केली ते बर्नार्ड क्रिबिन्स २०२२ मध्ये गेले, पण जाण्याआधी त्यांचा एक सीन चित्रित झाला होता आणि तो दाखवला.

अजून एक गोष्ट सांगून थांबतो. या मालिकेचे १९६० च्या दशकातले बरेच भाग बीबीसीने स्वतःच पुसले. टेप महाग असायच्या, त्या परत वापरायच्या, जुनं कोण बघणार असा विचार. चित्र गेलं ते गेलं. पण आवाज राहिला, हरवलेल्या प्रत्येक भागाचा. कसा, तर त्या काळी घरोघरची पोरं टीव्हीच्या स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर धरून बसायची. आईला गप्प बस सांगून, श्वास रोखून. त्या पोरांमुळे आज ते भाग निदान ऐकता येतात, आणि काही भागांना त्या आवाजावर नवी चित्रं काढून जोडलीयेत. काळात मागे जाणाऱ्या डॉक्टरची मालिका, आणि तिलाच विसरण्यापासून वाचवलं ते बघणाऱ्यांनी.

सांजवेळ

निळा डबा काका, हे टेपरेकॉर्डरचं मला माहितीच नव्हतं. दोनदा वाचलं.

उलटी_घडी

दोघांत वाटण्याचा मुद्दा निघालाच आहे तर चिनी मालिका 'रीसेट' घ्या, २०२२, १५ भागच आहेत. बसमध्ये स्फोट होतो, ली शिचिंग नावाची मुलगी परत त्याच बसमध्ये जागी होते, परत स्फोट. पहिले काही फेरे ती एकटी आहे आणि तिच्यावर कोणी विश्वासच ठेवत नाही. ओरडली तर वेडी, पोलिसांकडे गेली तर संशयित. मग शेजारच्या सीटवरचा श्याव हयून तिच्यासोबत फेऱ्यात ओढला जातो. आणि तो भाग बघताना माझ्या लक्षात आलं की मी इतका वेळ आखडून बसलेलो ते सैल झालो. धोका तोच, बॉम्ब तोच, वेळ तीच. फक्त आता दोघांना माहिती आहे. डोळ्यांनी खूण केली तरी कळतं. तिथून पुढे ती भीतीची मालिका राहत नाही, माणसांची होते, बसमधल्या एकेका प्रवाशाची पिशवी, त्यातलं सामान, त्याच्या घरचं दुःख. बॉम्ब ठेवणारे कोण आणि का, हे कळतं तेव्हा तर रागच उरत नाही. मुलगी गेलेली असते त्यांची, त्याच बसमधून उतरल्यावर, आणि पाच वर्षं नीट उत्तर कोणी दिलेलं नसतं.

याच्या बरोबर उलट 'स्टाइन्स;गेट', २०११ ची अ‍ॅनिमे. ओकाबे एकट्यालाच जग बदलल्याचं आठवतं. बालमैत्रीण मायूरीला वाचवायला तो परत परत मागे जातो आणि ती परत परत मरते. एक वेळ अशी येते की ती मरताना तो घड्याळाकडे बघतो. त्याला रडू येत नाही. आणि त्या क्षणी त्याला स्वतःची भीती वाटते. मी इतकी वर्षं ही मालिका लोकांना बघ बघ म्हणून सांगतो, ती त्या घड्याळाकडे बघण्यासाठीच. एकट्याने आठवत राहिलं की माणूस दगड होत जातो, हे त्याहून नीट कोणी दाखवलं नाही.

गणिती_मन

'लॉस्ट'मधला 'द कॉन्स्टंट' नावाचा भाग (फेब्रुवारी २००८) कोणी कसा काढला नाही अजून? इथे शरीर जात नाही, डेस्मंडचं मनच १९९६ आणि २००४ मध्ये उड्या मारतं, आणि मेंदू थकून मरायची वेळ येते. उपाय काय, तर दोन्ही काळात असणारं, आपल्याला जिवाभावाचं असं एक कोणीतरी हवं. स्थिरांक. समीकरणात सगळं बदलत असताना एक संख्या बदलत नाही, तिच्या आधाराने बाकीचं सोडवता येतं. मग तो १९९६ मध्ये पेनीकडे जातो, जिच्याशी त्यानेच नातं तोडलंय, आणि नुसता फोन नंबर मागतो, म्हणतो आठ वर्षं फोन करणार नाही, २४ डिसेंबर २००४ ला करेन. आणि ती उचलते.

मला गणित आवडतं म्हणून तो भाग आवडतो असं मी इतकी वर्षं सांगत होतो. पण ताई, तुमची थिअरी वाचल्यावर कळतंय की पेनीने आठ वर्षं नंबर बदलला नाही, हे त्यातलं खरं. डेस्मंडला काहीतरी विलक्षण घडल्याचं माहिती होतं, तिला कसलाच पुरावा नव्हता. तरी लक्षात ठेवलं.

नियम महत्त्वाचे हे मी अजून सोडलेलं नाहीये.

रात्रपाळी

सगळ्यांचं वाचून झालं, ब्रेकमध्ये लिहितेय त्यामुळे तुटक होईल.

'लव्हली रनर', २०२४. इम सोल चालू शकत नाही, जगायची इच्छा गेलेली असताना ज्याच्या एका फोनवरच्या बोलण्याने ती सावरते तो गायक र्‍यू सन-जे. तो गेल्याची बातमी येते आणि ती २०२३ मधून २००८ मध्ये जाते, त्याला वाचवायला. पुढे अशी वेळ येते की त्याला वाचवायचं तर तिने त्याच्या आयुष्यात यायलाच नको. म्हणून ती पहिली भेटच पुसून टाकते. तो रस्त्यातून येतो आणि ती तोंड फिरवून रडत उभी राहते. आठवणारी ती एकटी.

पण या मालिकेत एक आजी आहे, सोलची, स्मृतिभ्रंश झालेली. कालचं जेवण आठवत नाही. आणि तिलाच सगळं माहिती असल्यासारखं ती बोलते. सन-जेला ती सांगते की आठवणी जात नाहीत, आत जिवात मुरून राहतात. लोक म्हणतात लेखिकेने सोय केली. मला नाही वाटत. माझी थिअरी अशी आहे की आजीला सगळे काळ एकदमच दिसत असतात, कारण तिच्या डोक्यात आज आणि काल यांच्यामधली भिंतच पडलीये. म्हणून पुसलेली वेळही तिच्याकडून पुसली जात नाही.

हे मी अंदाजाने म्हणत नाहीये. माझी आजी शेवटची तीन वर्षं मला नावाने ओळखत नव्हती. बाई म्हणायची, तुम्ही म्हणायची. पण मी हात हातात घेतला की तिचा अंगठा माझ्या अंगठ्याच्या नखावर गोल गोल फिरायला लागायचा, आपोआप. लहानपणी मला झोप येत नसली की ती तसं करायची. मी कोण हे तिला माहिती नव्हतं आणि अंगठ्याला माहिती होतं. त्यामुळे सन-जेला जेव्हा हळूहळू आठवायला लागतं, कारण न कळता डोळे भरून येतात, तेव्हा मला तो चमत्कार वाटला नाही. असं असतं.

सांजवेळ, तुमच्या मोजणीत ज्याला आठवत नाही पण अंगाला आठवतं, असा माणूस कुठे धरायचा?

पानगळ

रात्रपाळीताई...

सांजवेळ

सकाळपासून हा प्रतिसाद मनात आहे. माझ्याकडे याला उत्तर नाहीये, मी आठवतं आणि आठवत नाही असे दोनच रकाने केले होते. तिसरा करावा लागेल. हाना त्या तिसऱ्यात जाईल, रेनकोटकडे बघणारी. हा-जिन पण, झोपेत रडणारी. डोना तर नक्कीच. आणि आता वाटतंय की मला ज्या मालिका मनापासून आवडल्यात त्या सगळ्या या तिसऱ्यातच आहेत.

मितभाषी

'क्वांटम लीप', १९८९ ते ९३, त्याचा शेवट राहिला. सॅम दर वेळी दुसऱ्याच्या आयुष्यात जाऊन काहीतरी दुरुस्त करतो, स्वतःच्या आठवणीला भोकं पडलेली. सोबतीला मित्र अल, फक्त त्याला दिसणारा. शेवटच्या भागात सॅम अलच्या बायकोला जाऊन सांगतो की व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेला अल जिवंत आहे, थांब. ती थांबते. मग पाटी येते, त्यांना चार मुली झाल्या. पुढची पाटी, सॅम कधीच घरी परतला नाही. एवढंच.

अलला आठवत असेल का की त्याची बायको कधीकाळी दुसऱ्याची झाली होती? माझ्या मते नाही. मित्राने त्याला काय दिलं हे त्याला कळलंच नसणार. मी हा भाग लहानपणी बघितला तेव्हा अन्याय वाटला होता. आता वाटतं सॅमला हेच हवं होतं.

उलटी_घडी

नवीन लोकांसाठी, कुठून सुरू करावं विचारणारे दोन निरोप आलेत. रडायची तयारी असेल तर 'मून लव्हर्स', नसेल तर 'रीसेट', छोटी आहे. आणि 'सिग्नल' बघताना एक माहिती असू दे. त्यातली जी मोठी खुनांची केस आहे ती ह्वासोंगच्या खऱ्या प्रकरणावर बेतलीये, १९८६ ते १९९१, दहा खून. मालिका आली तेव्हा खुनी सापडलेला नव्हता. २०१९ मध्ये डीएनएवरून सापडला, दुसऱ्या खुनासाठी तो आधीच तुरुंगात होता. कायद्याची मुदत कधीच संपून गेलेली, त्यामुळे त्या खुनांसाठी खटला होऊच शकला नाही. आणि त्यातल्या एका खुनासाठी एक निरपराध माणूस जवळजवळ वीस वर्षं आत राहून आला होता, त्याला २०२० मध्ये कोर्टाने निर्दोष म्हटलं. त्याच्या वीस वर्षांसाठी कुठला वॉकीटॉकी वाजला नाही. मालिकेतला जे-हान सारखं विचारत राहतो ना, तिकडे तरी बदललंय का काही, ते हे वाचल्यावर वेगळंच ऐकू येतं.

गणिती_मन

काल रात्री 'डार्क'चा पहिला भाग परत लावला. नियम तपासायला नव्हे, ताईंनी म्हटलं तसं कोणाला काय आठवतंय एवढंच बघायला.

सुरुवातीलाच एक माणूस गळफास घेतो, २१ जून २०१९. टेबलावर पाकीट, त्यावर लिहिलंय ४ नोव्हेंबर, रात्री १० वाजून १३ मिनिटांच्या आधी उघडू नये. पहिल्यांदा बघताना मी ती तारीख आणि वेळ वहीत टिपून घेतली होती, बस.

त्याच भागात थोड्या वेळाने नाश्त्याच्या टेबलावर मिकेल, अकरा वर्षांचा पोरगा, वडलांना जादूचा खेळ करून दाखवतो. वडील विचारतात कसं केलंस. तो म्हणतो कसं हा प्रश्न नाही, कधी हा प्रश्न आहे. आधी मला ते वाक्य म्हणजे हुशारीने पेरलेला क्लू वाटलं होतं.

पण तो पोरगा आणि तो गळफास घेणारा माणूस एकच आहे. तो १९८६ मध्ये जाऊन अडकला, तिथेच वाढला, लग्न केलं, मुलगा झाला, आणि तेहतीस वर्षं एकाही माणसाला सांगू शकला नाही की माझं घर इथेच आहे, माझे आईवडील याच गावात आहेत, आणि ते आता शाळेत जातात. नंतर एकाच गावात स्वतःला लहान होऊन जन्मताना, मोठं होताना बघत होता. त्याच गावात तो स्वतःच्या आईवडलांच्या वयाचा होऊन वावरत होता आणि ओळख द्यायची सोय नव्हती. मी चार पानं जोडून काढलेल्या वंशावळीत त्याचं नाव दोन ठिकाणी आहे, मध्ये एक बाण. मी त्या बाणावर '३३' लिहून पुढे गेलो होतो.

जादूचा तो सीन मी मागे नेऊन तीनदा बघितला. वडील हसून त्याच्याकडे बघतायत, तो निघायच्या गडबडीत आहे. घरात वडलांसोबतची त्याची ही शेवटची वेळ. पुढचा भाग अजून लावलेला नाही.